म्हैना हाय का, तेवढं सांग

कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी परवा जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच बसून राहिली. तिच्या आजीचे रिपोर्ट आले होते. तिनं मला एकेक विचारायला सुरुवात केली. रजा कशी मिळते, पाण्याची गादी कुठं मिळते, दुखण्याच्या गोळ्यांना चिठ्ठी लागते का. मी सांगत गेले. शेवटी तिनं हळूच विचारलं, "आजीला सांगायचं का गं?"

मी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत क्वालिटीला आहे. हा पीस रिजेक्ट, असं समोरच्याच्या तोंडावर सांगणं हे माझं रोजचं काम. पण या प्रश्नाला मला तोंड उघडता आलं नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि मी सुटले.

तिच्यासाठी हे लिहिते आहे. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. माझ्या हातून काय झालं, तेवढंच सांगते.

आल्सर

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. मुरगूडजवळ आमचं गाव. आजी मी कॉलेजात असतानाच गेली होती. घरात आबा, साखर कारखान्यात नोकरीला असलेले पप्पा, आई, मी आणि गोठ्यात चांदी.

चांदीबद्दल आधी सांगायला हवं. ही आमची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्यात गेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. आबांनी महिनाभर तिच्याशी बोलून, थोपटून तिला हातावर लावली. म्हणजे रेडकाशिवाय, नुसत्या माणसाच्या हाताला ती दूध द्यायला लागली. पण तो हात फक्त आबांचा. आई बसली तर ती पान्हा चोरायची आणि मी बसले तर लाथ मारायची. ही आबांची दुसरी बायको, असं आम्ही म्हणायचो. आबाही हसायचे.

दिवाळीनंतर आबांचं जेवण तुटलं. "भाकरी चढंना झालीया," म्हणायचे. दोन महिने आम्ही पित्त समजून ओवा, सोडा, लिंबू करत बसलो. मग कोल्हापूरच्या हॉस्पिटलात दुर्बीण झाली, स्कॅन झाला आणि नऊ दिवस त्यांना ठेवून घेतलं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि पप्पांना केबिनमध्ये बोलावलं. तरुण डॉक्टर होते, शांतपणे बोलत होते. पोटात गाठ, लिव्हरपर्यंत पसरलेली. ऑपरेशनचा उपयोग नाही, केमो या तब्येतीला सोसणार नाही. "घरी न्या. त्यांना दुखू नये एवढं आपण नक्की बघू."

"किती दिवस?" पप्पांनी विचारलं.

"महिना, दोन महिने. नक्की सांगता येत नाही. आणि एक सांगतो, त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका."

बाहेर आबा बाकावर मांडीवर फायलीची पिशवी घेऊन बसले होते. पप्पा ताडताड गेले आणि म्हणाले, "काय न्हाय आबा, आल्सर हाय. गोळ्या दिल्यात. चला घरला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल काढून त्यात बघू लागले. त्यावर काहीही आलेलं नव्हतं.

गाडी काढताना पप्पांनी मला बाजूला घेतलं. "त्यास्नी कळलं तर दुसऱ्या दिशी हाय खातील. तुला माझी शपत हाय. एक अक्षर बोलायचं न्हाय." त्यांचे डोळे लाल झाले होते. मी मान हलवली. त्या वेळी मलाही ते बरंच वाटलं, हे कबूल करते. शपथ असली की आपल्याला ठरवावं लागत नाही.

वॉर्डातले नऊ दिवस

हॉस्पिटलाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी रक्त, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर सलाइनच्या थेंबांकडं बघणं. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बसून कंबर मोडून घेतली. तिथल्या एक सिस्टर सीमाभागातल्या होत्या. आबांना कानडीत अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायच्या आणि सुई टोचताना चांदीची चौकशी करायच्या. "काय अज्जा, म्हस काय म्हणतीया?" की आबांचा हात सैल पडायचा आणि सुई गेलेली कळायची नाही. त्या नऊ दिवसांत आम्हाला कुणी काही चांगलं दिलं असेल तर ते त्या सिस्टरनी.

घरी मात्र चांदीचे हाल चालले होते. आई दाबून-दाबून चार पेले दूध काढायची. कास दगडासारखी झाली, जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. घरी आल्या-आल्या आबा कुणाशी न बोलता आधी गोठ्यात गेले. त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. खाली बसले, कासेला हात लावला, "सोड बाय, सोड," म्हणाले आणि चांदीनं दूध सोडलं. आई दारात उभी राहून रडत होती.

प्रश्न

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा धार काढून उठले. मी दुधाची चरवी धरली होती. भिंतीला टेकून दम खाल्ला आणि म्हणाले, "एक इचारतो. खरं सांगशील?"

"सांगतो की."

"ह्या म्हशीला दुसरा हात लावायचा म्हंजे म्हैना जातोय. मी शेजारी बसल्याबिगर ते हुणार न्हाय. मला म्हैना हाय का, तेवढं सांग."

किती साधा प्रश्न होता तो. त्यांनी रोगाचं नाव विचारलं नव्हतं, बरा होईन का असंही विचारलं नव्हतं. कामाला लागणारा वेळ आणि हातात असलेला वेळ, एवढाच हिशेब त्यांना जुळवायचा होता. आणि मी तोंड भरून हसत म्हणाले, "म्हैना काय आबा, वर्सं हाईत की! चांदी फुडच्या येताला व्याली तरी धार तुमीच काढणार."

आबांनी हात पुसले. मग म्हणाले, "बरं. मंग निवांत हाय."

पुढं ते खरंच निवांत झाले. चांदीला दुसरा हात लावायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बघायला येणारे

आमच्याकडं माणूस आजारी पडलं की अख्खा तालुका बघायला येतो. कुणी शहाळी, कुणी बिस्किटाचे पुडे, कुणी डब्यातून मटणाचा पांढरा रस्सा. आणि प्रत्येकाचं एकच, "खाल्ल्याशिवाय ताकद कशी येनार पावणं?" आबा दोन घोट घ्यायचे, पावणे निघून जायचे आणि पुढचा तासभर मी बादली धरून उभी असायची. मग मी दारात खुर्ची टाकून बसायला लागले. जो येईल त्याच्याकडून डबा काढून घ्यायचा, आत पाच मिनिटं सोडायचं. पोरगी लई फटकळ हाय, असं गावात झालं. होऊ दे.

पण मी तरी कुठली शहाणी! एकदा मीच त्यांना नाचणीची आंबील भरवली. एक चमचा, दोन चमचे, "आबा, माझ्यासाठी अजून एक," असं करत सहा. त्यांनी माझ्या मनासाठी घेतली आणि सगळी अंथरुणावर आली. मी चादर ओढताना त्यांच्यावर ओरडले. नको होतं तर सांगायचं की! ते म्हणाले, "तुला बरं वाटत हुतं न्हवं." त्यानंतर मी कधी भरवलं नाही. मागितलं तरच द्यायचं, तोंड ओलं ठेवायचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

निपाणीची आत्या, म्हणजे आबांची मुलगी, येऊन राहिली होती. तिचा रोख दुखण्याच्या गोळ्यांवर. "एवढ्या कडक गोळ्या! सवय लागंल त्यास्नी." मरणाऱ्या माणसाला सवय लागेल म्हणून ती गोळ्या लपवून ठेवायची. एक दिवस आबा दुखण्यानं गादी चावायला लागले तेव्हा मी तिच्या पिशवीतून गोळ्या काढल्या आणि नको ते बोलले. डॉक्टरांनी घड्याळ लावून द्यायला सांगितलं होतं, दुखायची वाट बघायची नाही. आत्या दोन दिवस रुसली. मग कूस बदलायला मीच तिला हाक मारली. एकटीला जमत नव्हतं.

आणखी एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. अंग पुसून, कपडे बदलून, परत घाण झाली की पहिल्यापासून, असं तिसऱ्यांदा करताना माझ्या मनात आलं, आता सुटू देत. आणि त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी सुटू देत. मी तशीच पुसत राहिले. मला स्वतःची लाज वाटली, पण थकवा लाजेपेक्षा मोठा होता.

कपाळ

या सगळ्यात आबा दोन्ही वेळा धारेला जायचे. दिवसभराची ताकद त्या दोन वेळांसाठी राखून ठेवायचे. दुपारी कुणाशी बोलायचे नाहीत. पप्पा चिडायचे, "म्हशीपायी मरतील," आणि मी मनात म्हणायची, म्हशीपायीच जगतायत.

त्यांनी मला विचारलं त्याला तेवीस दिवस झाले होते. संध्याकाळी मी मागं उभी होते. धारेचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. बघते तर आबांनी चांदीच्या पोटाला कपाळ टेकलं होतं आणि हात खाली पडले होते. चांदी हलली नाही, एक पायसुद्धा उचलला नाही. मी काखेत हात घालून त्यांना मागं ओढलं. त्यांना काही वजनच उरलं नव्हतं.

गोठ्याच्या पायरीवर बसवून पाणी पाजलं. ते म्हणाले, "उद्या बसतो की. आज जरा अंधारी आली."

मला ते ऐकवेना. उद्याही बसतील, परवाही बसतील, मग एक दिवस इथंच पडतील आणि तोवर मी मागं उभी राहून वर्सं हाईत म्हणत असेन. मी म्हणाले, "आबा, आल्सर न्हाय."

त्यांनी तोंड पुसलं. "कॅन्सर. ठावं हाय मला."

"कुणी सांगिटलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? ज्या मजल्यावर नऊ दिस झोपीवलंसा तिथली पाटी वाचाय येती मला."

"मंग बोलला का न्हाईसा?"

"तुझा बाप आल्सर म्हणून एवढा जीव तोडून सांगाय लागलाय, त्येला कशाला खोटं पाडायचं?" मग मात्र त्यांचा आवाज चढला. आजारात पहिल्यांदाच. "पर मी तुला रोग इचारला न्हवता. मी तुला दिस इचारलं हुतं. तू वर्सं म्हणालीस. मला वाटलं, डॉक्टर काय तरी म्हणाला असंल, पोरगी कशाला खोटं बोलंल? आणि मी बसलो निवांत!"

"पप्पांची शपत हुती."

"शपत त्येची. म्हस माझी हाय न्हवं?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "पूस डोळं. उद्यापासनं तू बस. माझा गोठ्यातला शर्ट घाल, धुऊ नको. आन् टकुऱ्याला टॉवेल बांध."

शर्ट

मी शपथ मोडली म्हणून पप्पांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पण पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः आबांना खुर्चीत बसवलं, आईनं दुसरी बाजू धरली आणि खुर्ची उचलून गोठ्यात आणली. त्यानंतर रोज दोन्ही वेळेला पप्पाच आणायचे.

आबांचा शर्ट मला गुडघ्यापर्यंत यायचा. घामाचा, शेणाचा, तंबाखूचा वास. डोक्याला टॉवेल. आई म्हणाली, बुजगावणं दिसतीयास. आबा खुर्चीतून चांदीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि सांगायचे, "नखं लावू नको. थंड हात लावू नको, आदी मांडीत धर. घाई करू नको, तुझी घाई तिला कळती." मी "सोड बाय, सोड" म्हणायची. चांदी वळून शर्ट हुंगायची, मग माझं तोंड बघायची आणि फसवलं गेल्यासारखी फुसफुसायची. दोनदा तिनं चरवी लाथाडली. एकदा मला.

धार झाली की चरवी आबांना दाखवायची. ते वाकून बघायचे आणि म्हणायचे, "न्हाय अजून. ही दाबून काडलीया. सोडल्यालं दूध असं नसतंय, वर फेस चढाय पायजे."

रोज तेच. "न्हाय अजून." पण त्या दिवसांत ते आम्हा सगळ्यांशी मोकळे बोलले. आत्याला तिच्या लग्नातली एक चूक सांगून माफी मागितली. पप्पांना म्हणाले, "रडू नको रं. आल्सरच हाय असं समज," आणि दोघंही हसले. खोटं गेल्यावर घरात हवा आल्यासारखं झालं होतं.

असे अकरा दिवस मिळाले. नवव्या दिवसापासून त्यांना खुर्चीत बसवेना, मग मी चरवी कॉटपाशी न्यायची. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे किलकिले करून बघितलं. आवाज आला नाही, पण ओठ मला वाचता आले. न्हाय अजून.

दुपारी आई कापसानं त्यांचे ओठ ओले करत होती, मी पाय चेपत होते, पप्पा उशाशी होते. श्वास लांब-लांब पडत गेला. पुढचा येईल म्हणून आम्ही बराच वेळ थांबलो.

माणसं जमल्यावर

अंगणात माणसं जमली. गोठ्यातून चांदी ओरडत होती. बायका म्हणाल्या, मुक्या जनावराला कळतंय बघा. कळत असेल. मला एवढंच कळत होतं की तिची कास भरली आहे. आबांना नेल्यावर मी बायकांतून उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि धारेला बसले. चांदीनं पान्हा चोरला. दाखवायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवला आणि कावळा लगेच शिवला. आबांची कुठली इच्छा मागं राहिली नाही, असं सगळे म्हणाले. मला त्या कावळ्याचाही राग आला. त्याच दिवशी आत्यानं रीतीप्रमाणे आबांचे कपडे बाहेर काढायला गाठोड्यात बांधले. शर्टही घ्यायला लागली. मी गाठोड्यातून तो ओढून काढला. आत्या काही बोलणार होती, पण पप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. तिचं काम ऱ्हायलंय."

रजा संपली. कंपनीत जायच्या आधी आणि आल्यावर मी गोठ्यात बसायची. रोज दाबून काढलेलं पातळ, बिनफेसाचं दूध. डेअरीतला माणूस म्हणायचा, विकून टाका ही. मी रिकामी चरवी उचलून निघायची.

आणि मग एका सकाळी मी कासेला हात लावला, अर्धवट झोपेत "सोड बाय" म्हणाले, आणि हाताखाली सड भरून आले. धार एवढ्या जोरात आली की चरवी वाजली. फेस काठापर्यंत चढला. चांदी आंबवण खात निवांत उभी होती.

चरवी घेऊन मी सवयीनं आबांच्या खोलीकडं वळले. कॉट माळ्यावर गेली होती. उंबऱ्यात पप्पा कारखान्याला जायच्या कपड्यांत उभे होते. त्यांनी वाकून चरवीत बघितलं, अगदी आबा बघायचे तसं.

"किती दिस झालं?" त्यांनी विचारलं.

मी मोजलेच होते. शर्ट घातल्यापासून तो तिसावा दिवस. आबा महिना म्हणाले होते आणि महिनाच लागला. त्यांनी मला विचारलं त्या संध्याकाळपासून ते चौतीस दिवस जगले. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर हा फेस त्यांनी बघितला असता.

मी पप्पांना एवढंच म्हणाले, "तीस."

पप्पांनीही मनात मोजलं असावं. मग म्हणाले, "तवाच सांगाय पायजे हुतं गं."

मी शर्ट काढून खुंटीला लावला. डेअरी बंद व्हायच्या आत दूध घालायचं होतं.